दारावरच्या घंटेला आडनाव असतं

इंटरनेटवर एका पुरुषाला मी लिहिलेल्या पहिल्या निरोपाची सुरुवात ‘आपणास कल्पना असेलच की’ अशी होती आणि शेवट ‘याबाबत आपली भूमिका स्पष्ट करावी’ असा होता. मध्ये हुंडा होता, घरकामाची वाटणी होती आणि लग्नानंतर मुलीच्या नोकरीचा प्रश्न होता. त्या माणसाने भूमिका स्पष्ट केली नाही. पुढच्या दोघांनीही केली नाही.

मला राग आला. मला राग यायला फार काही लागत नाही. औरंगाबादला कॉलेजात असताना मी आमच्या विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे. स्कॉलरशिप अडली की पत्रक, मुलींच्या वसतिगृहात पाणी नाही की पत्रक, प्राध्यापक वर्गात वाकडं बोलले की त्याच संध्याकाळी पत्रक. ती तपासणारा एक दादा होता. तो म्हणायचा, “ताई, फाटकातून आत शिरणारा पोरगा घाईत असतो. पहिल्याच ओळीत त्याची कॉलर धरायची.” मी धरायचे, आणि बऱ्यापैकी घट्ट धरायचे. पीएचडीसाठी एर्लांगेनला आले तेव्हा ही सवय बरोबर आली. जर्मनीत कॉलर धरण्यासारखं खूप काही होतं, पण तिथल्या भाषेत मला अजून धड पाव मागता येत नव्हता.

माझ्या फ्लॅटमध्ये एक जर्मन मुलगी राहायची. ती फिजिओथेरपी शिकत होती. तिचे मित्र यायचे, जायचे, आणि भांडून वेगळं झाल्यावरही ती त्यांच्याबरोबर पोहायला जायची. आमच्याकडे वेगळं झालेल्या माणसाचं नावही काढत नाहीत. ही त्याच्याकडून टॉवेल उसना घ्यायची. तर एकदा मला कॉम्प्युटरकडे डोळे वटारून बसलेलं तिने पाहिलं आणि विचारलं, “काय लिहिलंस त्याला?” मी मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं.

“आल्झो, म्हणजे बघ,” ती म्हणाली, “हे आम्टमधून आलेलं पत्र वाटतंय. सरकारी. मला आलं असतं तर मी आधी वकिलाला फोन केला असता.”

“मग काय लिहू? नुसतं हाय?”

“हाय पण नको. ज्याचं उत्तर द्यायला त्याला मजा येईल असं काहीतरी विचार. हा बघ, याने फोटोत हातात काय धरलंय?”

“भोपळा.”

“गेनाऊ, बरोब्बर. भोपळ्याबद्दल विचार.”

साइट होती परदेशातल्या भारतीयांच्या ओळखीपाळखीसाठी. तिथे टोपणनाव पुरे व्हायचं. आधी मी एका लग्नाच्या साइटवर गेले होते. तिथे जातीचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नाही, म्हणून मी तिथून शिव्या देत निघाले होते. इथे तसं नव्हतं. भोपळेवाला मराठी दिसत होता. हॅम्बर्गला विमानांच्या केबिनचं काही काम करायचा. मी लिहिलं, “एवढ्या भोपळ्याचे घारगे किती झाले?”

लगेच उत्तर आलं. “घारगे झालेच नाहीत. पीठ सैल झालं. शेवटी सूप म्हणून जर्मन लोकांना वाढलं. फार आवडलं त्यांना, कृती मागतायत. काय सांगू?”

असं ते सुरू झालं. रोमन लिपीतलं मराठी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी घरी आल्यावर. आधी ‘तुम्ही’ होतं, मग एका संध्याकाळी त्याने कुकरची शिट्टी छताला लागल्याचं सांगितलं आणि त्या गडबडीत ‘तू’ झालं. मी माझ्या घराखालच्या बेकरीबद्दल सांगितलं, पहाटे पाव भाजल्याच्या वासाने जाग येते आणि पोटात खड्डा पडतो ते. रस्ता कुठला तेही सांगितलं. आम्ही इतकं फालतू बोलायचो की मला स्वतःचीच ओळख पटेना. माझ्या आयुष्यात इतका वेळ विनामुद्दा मी कोणाशीच बोलले नव्हते.

आणि त्या फालतू बोलण्यात तो आपण कोण ते रोज सांगून टाकत होता. “मुंजीत माझा गोटा केला तेव्हा मी मामाला चावलो होतो.” “आई यायचीय जर्मनीला, अंडी उकडायचं भांडं लपवायला हवं.” त्याला कोणी विचारलेलं नव्हतं. मुंज हा शब्द टाइप करताना त्याचं बोट अडखळलं नसणार. मी मात्र त्या साध्या प्रश्नांपाशी येऊन थांबायचे. “मूळचे कुठले तुम्ही?” औरंगाबादचे. “ते झालं, पण मूळचे?” माकडापासूनचे. यावर तो खूप हसला, निदान तसं त्याने लिहिलं. “आडनाव तरी सांग.” भेटल्यावर. “गूढ बाई आहेस.” गूढ कसली? मी बौद्ध. माझं आडनाव मराठी माणसाच्या कानावर पडलं की पुढचं सगळं त्याला न सांगता कळतं. एवढं साधं आहे ते.

मी लपवणाऱ्यांतली नव्हे. शहरात घर मिळावं म्हणून आडनाव बदलणाऱ्या आमच्याच लोकांवर मी कॉलेजात पत्रक काढलं होतं, ‘कोणाला घाबरता?’ अशा मथळ्याचं. आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. पण मला एक दुपार हवी होती. फक्त एक. त्या दुपारी समोरच्या माणसाला मी आधी कळावी, भोपळ्यावरून चिडवणारी, सायकल वाकडी चालवणारी, आणि आडनाव मग. त्यानंतर मी स्वतःच सांगणार होते, तोंडावर, ठणठणीत. त्याला एवढी वर्षं फुकट मिळालेली गोष्ट मला एका दुपारपुरती हवी होती. यात लपवणं कुठे आलं, हे मी स्वतःला रोज पटवायचे आणि रोज थोडं कमी पटायचं.

फ्लॅटमधल्या मुलीला मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने मन लावून ऐकलं. “पण इथे कोणाला कळतंय?” ती म्हणाली. “इथे तू नुसती इंडियन.” खरं होतं. अख्ख्या जर्मनीत ते कोणाला कळणार नव्हतं, आणि मी भेटायला निघाले होते नेमकी ज्याला कळलं असतं त्याला.

त्याला कंपनीच्या एका प्रशिक्षणासाठी न्युर्नबर्गला यायचं होतं. रविवार मोकळा होता. तिथून एर्लांगेन म्हणजे लोकलचा प्रवास. फ्लॅटमधल्या मुलीने लगेच ताबा घेतला. तिची पहिल्या भेटीबद्दल ठाम मतं होती. दिवसाउजेडी भेटायचं. जेवण नको, कारण जेवण संपेपर्यंत उठता येत नाही. “आणि समोरासमोर बसू नका. समोरासमोर बसलं की मुलाखत होते. शेजारी शेजारी चालायचं आणि दोघांनी तिसरंच काहीतरी बघायचं.” म्हणून बोटॅनिकल गार्डन ठरलं, मग नदीकाठच्या कुरणांतून सायकलवर चक्कर. त्याच्यासाठी ती स्वतःची सायकल देणार होती.

“वाद घालू नकोस,” तिने बजावलं.

“वाद आलाच तर?”

“तर बदकं दाखव.”

“मी सायकली घेऊन स्टेशनवर जाते.”

“दोन सायकली? एकटी? त्याला इथेच बोलव ना. सायकली खालीच आहेत. येईल, घंटा वाजवेल.”

हीच तर अडचण होती. जर्मनीत फ्लॅटला नंबर नसतो. खाली दाराशी घंटांची रांग असते आणि प्रत्येक घंटेपुढे राहणाऱ्याचं आडनाव. टपालपेटीवरही तेच. आडनाव माहीत नसेल तर या देशात तुम्ही कोणाच्या दारात उभेसुद्धा राहू शकत नाही. आमच्या इमारतीच्या पाटीवर सगळी जर्मन आडनावं होती, आणि माझं. कुठलं माझं हे ओळखायला हुशारी लागत नव्हती.

“मला व्यायाम होईल,” मी म्हणाले.

रविवारी मी केस धुतले, मुलीचा निळा स्कार्फ गळ्यात घातला, आरशात बघून तो काढला आणि परत घातला. गाडी यायला अवकाश होता. एवढ्यात फोन वाजला.

“कुठे आहेस?”

“घरी. निघतेच आहे स्टेशनला.”

“नको निघू. मी आधीच्या गाडीने आलो. म्हटलं बघू, बेकरीच्या वासावरून घर सापडतं का. सापडलं! रविवारची बंद आहे गं तुझी बेकरी. खाली उभा आहे. कुठली घंटा दाबू?”

“दाबू नकोस!” मी किंचाळले. “आलेच मी!”

मुलगी तोंडात ब्रश घेऊन बाहेर आली. मी एकाच पायात बूट घालून जिना उतरायला लागले होते. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती. मी एवढ्या जोरात कधी पळाले नव्हते, मोर्चावर लाठी पडली तेव्हासुद्धा नाही. पण घंटांची पाटी दाराबाहेर आणि तोही दाराबाहेर, मी धावून काय उपयोग होता?

दार उघडलं. तो पाटीकडे तोंड करून उभा होता. हातात स्टीलचा डबा. फोटोतल्यापेक्षा बारीक होता, कान मोठे होते, मला ते आवडले.

“वाचलं मी,” तो म्हणाला, आणि त्याने माझं आडनाव उच्चारलं.

नीट उच्चारलं. मध्ये एक ‘ळ’ आहे, तो जर्मन जिभेला जमत नाही. माझे प्राध्यापक, पोस्टमन, दवाखान्यातली बाई, सगळे त्या ‘ळ’पाशी घसरायचे आणि मी सोडून दिलं होतं. किती महिन्यांनी कोणीतरी माझं नाव जसं आहे तसं म्हणालं. क्षणभर मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

त्याचा चेहरा पडला नाही. पडणारे चेहरे मी शाळेपासून बघतेय, ते मला लांबून ओळखू येतात. हा पडला नाही, सावध झाला. ठेवणीतली क्रोकरी हातात दिल्यावर माणूस होतो तसा.

“अरे वा,” तो म्हणाला.

कशाला वा? मी एका पायात बूट घालून उभी होते.

दुसरा बूट चढवून मी सायकली काढल्या. त्या ढकलत चालताना लक्षात आलं की ‘तू’ गेलं होतं. “तुम्ही इथे कधीपासून आहात?” त्याने विचारलं. हे त्याला माहीत होतं. मी आले तेव्हा बॅग हरवली होती आणि मी पहिला आठवडा फ्लॅटमधल्या मुलीच्या पायजम्यात काढला, हे सांगून मी त्याला हसवलं होतं.

बागेतल्या काचघरात निवडुंगं होती. मुलीने सांगितल्याप्रमाणे आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो आणि तिसरंच काहीतरी बघू लागलो.

“मला खूप आदर आहे हं,” तो निवडुंगाकडे बघत म्हणाला.

“कशाचा?”

“म्हणजे, तुमच्या सगळ्या संघर्षाचा.”

“कुठल्या? काल वॉशिंग मशीन मध्येच बंद पडलं तो?”

चॅटवर असता तर यावर तो तीन ओळी हसला असता. इथे त्याने गंभीरपणे मान हलवली. “केवढं काम केलंय त्यांनी तुमच्यासाठी,” तो म्हणाला. ‘त्यांनी’ म्हणजे कोणी, ते नाव न घेता कळत होतं.

“आमच्यासाठी? घटना काय फक्त आमच्या गल्लीला लागू आहे?”

“नाही, नाही, तसं नाही. सगळ्यांसाठीच. बरोबर आहे तुमचं.” मग लगेच, “कॉलेजात माझा अगदी जवळचा मित्र तुमच्यातलाच होता. आम्ही एका ताटात जेवायचो.”

हे ताट मी ओळखते. ते मला प्रवासात, मुलाखतीत, लग्नघरात, सगळीकडे दाखवलं गेलेलं आहे. तो मित्रही असाच सांगत फिरतो का, की मी एकाच्या ताटात जेवायचो, असं विचारावंसं वाटलं. पण रविवार होता, ऊन पडलं होतं, आणि त्याचे कान लाल झाले होते. तो घाबरलेला होता. माझ्याशी बोलताना काही चुकेल म्हणून घाबरलेला.

“आणि तुम्ही तर पीएचडी. अगदी स्वतःच्या हिमतीवर.”

“मग तुम्ही काय मामाच्या हिमतीवर इंजिनिअर झालात?”

गेलं तोंडातून. “तुमचा गैरसमज होतोय,” तो म्हणायला लागला.

“बदकं,” मी म्हणाले.

“काय?”

“ती बघा, बाहेर. बदकं.”

आम्ही बदकं बघितली. दोन माणसांनी इतक्या दुःखाने बदकं बघितली नसतील.

मला सगळ्यात जास्त कशाने हात टेकायला लावले सांगू? शिवी दिली असती, नाक मुरडलं असतं, गाडीची वेळ झाली म्हणून सटकला असता, तर मला पुढचं सगळं पाठ होतं. मथळा तयार होता. हा माणूस मला मान देत होता, मनापासून, आणि त्या मानाच्या ओझ्याखाली भोपळ्यावरून भांडणारी मुलगी दिसेनाशी झाली होती. निषेध कोणाचा करायचा? मागणी काय लिहायची? आमच्याशी पूर्वीसारखं वाह्यात बोला?

सायकलवर तो बरा होता. सायकल उंच होती, त्याचे पाय पुरत नव्हते, एका वळणावर तो खाजकुयलीसारख्या झुडपात शिरला आणि “आई गं!” म्हणून ओरडला. मी खळखळून हसले. तोही हसला. तेवढ्या वेळापुरता तो चॅटवरचा होता. मग हात खाजवत तो म्हणाला, “तुम्ही लोक असल्या गोष्टी किती सहज घेता,” आणि मी हसायची थांबले.

नदीकाठी बाकावर त्याने डबा उघडला. घारगे होते. हॅम्बर्गहून निघताना केलेले, या वेळी पीठ जमलेले, कडेला जरा जळके. हे घेऊन तो इतक्या लांबून आला होता, आडनाव वाचायच्या आधीपासून, नुसता माझ्यासाठी.

“घ्या ना,” तो म्हणाला. “माझ्या हातचे आहेत.”

मी घेतला. चांगला झाला होता, वेलची होती, गूळ बेताचा. मी “मस्त झालाय” म्हणायला वर बघितलं, तर तो माझ्याकडे टक लावून बघत होता. मी त्याच्या हातचा घारगा खात होते आणि त्याच्या डोळ्यांपुढे जणू इतिहास घडत होता.

स्टेशनवर गाडी उशिरा होती. नको तेव्हा जर्मन गाड्याही उशिरा येतात. आम्ही फलाटावर उभे राहिलो. मनातल्या मनात वाक्य जुळवून तो म्हणाला, “मी आईशी बोलेन. तिला पटायला वेळ लागेल. पण मला स्वतःला काहीच हरकत नाही.”

“कशाची?”

“म्हणजे, आपल्या.”

“अहो, मी अजून दुसरा घारगा खायचा की नाही ते ठरवलेलं नाही. हरकत आहे का, असं विचारलं कोणी तुम्हाला?”

त्याचा चेहरा आता मात्र पडला, आणि तो मी पाडला होता. “मी चांगल्या मनानेच म्हणालो हो,” तो म्हणाला.

“माहितीये मला.”

खरंच माहीत होतं. गाडी आली. त्याने डबा माझ्या हातात ठेवला, हात हलवला आणि खिडकीशी बसून बराच वेळ मान खाली घातली.

घरी मुलगी वाट बघत होती. “कसा होता?”

“चांगला होता.”

“मग?”

“फार आदराने वागला.”

तिला समजावण्याइतकं जर्मन मला येत नव्हतं. मराठीत तरी आलं असतं का, कोण जाणे.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत इन्स्टिट्यूटमधले सगळे कँटीनला गेले. मी कॉम्प्युटरशी बसून होते. त्याच्या टोपणनावापुढे हिरवा ठिपका लागला.

“चिडलीस का?” त्याने लिहिलं.

चिडलीस! ‘तू’ परत आलं होतं. मी भराभर टाइप केलं. आदर म्हणजे काय, मी काय मागितलं होतं, तुम्ही काय दिलंत. वाचून बघितलं तर पत्रक झालं होतं, मथळ्यासकट. पुसलं. लिहिलं, “नाही. कंटाळले.”

“माझा?”

“माझाच. दुपारभर बोलणं माझ्याबद्दलच चाललं होतं, आणि मला मध्ये बोलायलाच मिळालं नाही.”

तो काही लिहीत असल्याची खूण दिसली, गेली, परत दिसली. मग आलं, “सॉरी. मला वाटलं, त्यावर काहीच बोललो नाही तर तुला वाटेल मी मुद्दाम टाळतोय.”

आणि ते खरं होतं. तो गप्प राहिला असता तर त्या गप्प राहण्यावर मी घरी येऊन पान भरून लिहिलं असतं. बोलला तर आदर, न बोलला तर टाळाटाळ. त्या बिचाऱ्याला मीच तरी कुठली वाट ठेवली होती? आणि ही वाट मी बंद केली होती की मी जन्मायच्या आधीच कोणीतरी, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही नीटसं येत नाही.

“मग तूच सांग ना,” त्याने लिहिलं. “कशाबद्दल बोलू?”

टोमणा नव्हता. खरंच विचारत होता. आम्ही आठवडेच्या आठवडे कशाबद्दल बोलत होतो ते मला एकदम आठवेना. एक सहकारी हातात सफरचंद घेऊन परतला, जाता जाता “माह्लझाइट” म्हणाला, म्हणजे जेवणाच्या वेळचा नमस्कार. मीही त्याला तेच म्हणाले.

मग मी लिहिलं, “जेवलास का?”

“हो,” त्याने लिहिलं. थोड्या वेळाने, “तुम्ही?”

“हो.”

हिरवा ठिपका तसाच होता. त्याच्याकडे माझाही दिसत असणार. आम्ही दोघंही तिथेच होतो, आणि कोणीच काही लिहीत नव्हतं.